पितळी बिल्ल्यावरचा पासवर्ड

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात संगणक विभागात कारकून होते. कारखाना मोरिवलीच्या बाजूला होता. मागच्या भिंतीपलीकडे गावातली घरं सुरू व्हायची. माझा नवरा त्याच कारखान्यात प्लांटवर ऑपरेटर होता. आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पुढे मी एका दैनिकाच्या डेस्कवर गेले. तिथे स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून कळलेलं वेगळं ठेवण्याची सवय लागली. इथेही ते वेगळं ठेवलं आहे.

त्या भागात राहणाऱ्या बायकांना भोंगे ओळखू येत. शिफ्टचा भोंगा लांब असे आणि एकदाच वाजे. धोक्याचा भोंगा तुटक वाजे. माझ्या लग्नाआधी शेजारच्या एका कारखान्यात एक व्हेसल फुटलं होतं. व्हेसल म्हणजे रसायन तयार करायचं मोठं बंद भांडं, प्लांटच्या दोन मजल्यांच्या मधोमध बसवलेलं. तुटक भोंगा ऐकून आमच्या चाळीतल्या बायका त्या कारखान्याच्या गेटपर्यंत गेल्या. मीही गेले होते. गेट बंद होतं. आत कोण होतं, कोण बाहेर आलं, काही सांगायला कोणी तयार नव्हतं. एकीच्या हाताला भिजवलेली कणीक तशीच होती आणि ती सुकून तडकेपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो. तिचा नवरा वाचला. दुसऱ्या दोघींचे वाचले नाहीत. त्यानंतर चाळीत तुटक भोंगा वाजला की नळावरचं बोलणंसुद्धा थांबत असे.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या कारखान्यात सर्व्हर आला. जुन्या रेकॉर्ड रूमला एसी लावून तो तिथे ठेवला. त्याला ऑफिसातले संगणक जोडलेले होते आणि एक प्लांट ऑफिसातला. सर्व्हरवर प्रत्येक खात्याची वेगळी डिरेक्टरी होती. हजेरी, स्टोअर, खरेदी, विक्री. प्लांटच्या डिरेक्टरीत शिफ्टचे रिपोर्ट असत आणि बॅच शीट असत. बॅच शीट म्हणजे त्या दिवशीचा माल कसा बनवायचा याचा कागद. व्हेसलमध्ये काय किती घालायचं, ॲसिड किती वेळात सोडायचं, तापमान कुठवर जाऊ द्यायचं, हे सगळं त्यात. प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला प्लांट ऑफिसात नवा कागद छापून ऑपरेटरच्या हातात दिला जाई. मॅनेजरचा दंडक होता की तोंडी सूचना कुणी कुणाला द्यायची नाही. तोंडी सांगण्यातून घोटाळे होतात, असं ते म्हणत. जे बदलायचं ते शीटमध्ये बदलायचं. ऑपरेटरने हातातल्या कागदाबाहेर काही करायचं नाही.

सर्व्हर बसवणारा माणूस उल्हासनगरचा होता. कॅम्पात त्याचं दुकान होतं. त्याने टेपवर बॅकअप घ्यायला मला शिकवलं आणि सांगितलं, की बॅकअपसाठी स्वतंत्र लॉगिन लागेल. बाकीच्यांना आपापलीच डिरेक्टरी दिसते. बॅकअप घेणाऱ्याला सगळ्या दिसाव्या लागतात.

मॅनेजरसमोर तो म्हणाला, "साईं, दो लॉगिन बनाओ. एक सिर्फ पढ़ने वाला. टेपवर उतरवायला वाचण्याचा हक्क बस्स झाला. दुसरा लिखने वाला, टेपवरून परत आणायला. वो आप लिफाफे में बंद करके रखो."

"दोन कशाला?"

"जो लिखेगा वो पुरानी फाइल नयी के ऊपर डाल सकता है ना."

मॅनेजर म्हणाले, "लिफाफा माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या खिशात, आणि मी पुण्याला. मग?"

या प्रश्नामागे एक जुनं प्रकरण होतं. ते मला नंतर कळलं. एकदा स्टोअरकीपर आगीच्या पंपाची चावी खिशात घेऊन होळीला गावी गेला होता. त्याच सुट्टीत गोदामात कचऱ्याला आग लागली आणि पंपाच्या खोलीचं दार पहारीने उचकटावं लागलं. तेव्हापासून कारखान्यातली कुठलीही चावी एका माणसाकडे राहत नसे. सगळ्या चाव्या गेटवर टाइम ऑफिसातल्या लाकडी बोर्डावर टांगलेल्या असत, प्रत्येकीला पितळी बिल्ला. चावी हवी असेल त्याने आपलं हजेरीचं टोकन त्या खिळ्याला अडकवायचं आणि चावी न्यायची. मॅनेजरच्या लेखी पासवर्ड हीदेखील चावीच होती. तीही बोर्डावर हवी.

"बोर्डावर खिळा एकच मोकळा आहे," ते म्हणाले. "लॉगिन एकच करा. त्यालाच दोन्ही हक्क द्या."

उल्हासनगरवाला माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, पासवर्ड बोर्ड पे टांगेंगे? मैं तो पहली बार सुन रहा हूँ."

"तुमच्या दुकानाला आग लागली नाही अजून," मॅनेजर म्हणाले.

पासवर्ड मी ठरवला, अक्षरं आणि आकडे मिसळून, कुणाला अंदाज येऊ नये असा. मेंटेनन्सच्या फिटरने तो पंच आणि हातोडीने एका पितळी बिल्ल्यावर अक्षर अक्षर ठोकला. बिल्ला माझ्या हातात देताना म्हणाला, "ताई, आता हा बदलायचा नाही हां. बदलायचा तर नवीन पितळ लागंल."

बिल्ला खिळ्यावर लागला. गेटवरचा गार्ड आमच्याच वस्तीतला होता. सकाळी "जय भीम ताई" म्हणायचा आणि बोर्डाकडे बोट करून सांगायचा, "तुमची चावी जागेवर आहे." काही महिने हे असंच चाललं. संध्याकाळी मी टोकन लावून बिल्ला घ्यायचे, बॅकअप झाला की परत टांगायचे. एकदोनदा कुणाची फाइल बिघडली तेव्हा मी ती टेपवरून परत आणून दिली. त्यांतली एक प्लांटवर देखरेख करणाऱ्या शिफ्ट केमिस्टची होती. तो शेजारी उभा राहून बघत होता आणि बघून म्हणाला, "एवढंच असतं होय?"

हे प्रकरण ज्या आठवड्यात घडलं त्यात ॲसिडचा पुरवठादार बदलला. नवीन ॲसिड जास्त तीव्र होतं. जुन्या वेगाने ते सोडलं असतं तर व्हेसलमधला माल स्वतःच तापत गेला असता आणि एका मर्यादेनंतर बाहेरून कितीही थंडावा दिला तरी आवरला नसता. म्हणून मॅनेजरनी बॅच शीटमध्ये ॲसिड सोडण्याचा वेळ दुपटीच्या आसपास वाढवला. बदल मी टाइप केला. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून वाचत होते. दंडकाप्रमाणे तोंडी कुणाला काही सांगितलं गेलं नाही. पुढच्या बॅच नव्या कागदावर नीट निघाल्या. माझा नवरा त्या दिवसांत गावी होता, चुलत बहिणीच्या लग्नाला.

गुरुवारी संध्याकाळी मी बॅकअप घेतला. ती टेप काढून कपाटात ठेवली आणि शनिवारसाठी पुढची टेप मशीनमध्ये सरकवली. टेप पाळीपाळीने वापरत असू, त्यामुळे मशीनमध्ये गेली ती सगळ्यांत जुनी होती. शनिवारी तिच्यावर नवीन बॅकअप उतरणार होता.

शुक्रवारी त्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी असे. आमचं ऑफिस बंद होतं. प्लांट चालू होता, कारण व्हेसल मध्येच थांबवता येत नाही. नवरा गुरुवारी रात्री परत आला होता. आम्ही दोघं बदलापूरला, सोनिवलीत नवीन इमारतीतली एक खोली बघायला गेलो. जिन्याला कठडा नव्हता. नवरा वरच्या गच्चीवर जाऊन ओरडला, "अगं, इथून एकही चिमणी दिसत नाही!" चिमणी म्हणजे कारखान्याची. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

त्याच दुपारी कारखान्यात जे झालं ते मला केमिस्टने नंतर सांगितलं. वीज गेली आणि आली, त्यात त्याचा महिन्याचा रिपोर्ट बिघडला. तो शनिवारी सकाळी मॅनेजरना द्यायचा होता. त्याने नियमाप्रमाणे गेटवर आपलं टोकन लावलं, बिल्ला घेतला, रेकॉर्ड रूम उघडली आणि पितळेवरची अक्षरं बघून लॉगिन केलं. मशीनमध्ये टेप होतीच. मशीनमधली टेप ताजी असणार, असं त्याने धरलं. कुणीही धरलं असतं. एकच फाइल निवडायची असते हे त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याने प्लांटची सबंध डिरेक्टरी निवडली. आधीच्या फाइलींवर लिहू का, असं मशीनने विचारलं. त्याने सगळ्यांना हो म्हटलं. त्याचा रिपोर्ट जुना का होईना, परत आला. उरलेले आकडे त्याने हाताने भरले. बिल्ला परत टांगला.

शनिवारी नवरा पहिल्या शिफ्टला गेला. मी जनरल शिफ्टला, त्याच्या नंतर पोहोचले. एसी चालू केला, संध्याकाळच्या बॅकअपची तयारी म्हणून यादी उघडली. बॅकअपचं लॉगिन शेवटचं केव्हा वापरलं ते पडद्यावर येत असे. तिथे शुक्रवार होता.

शुक्रवारी मी सोनिवलीत होते.

मी एकेक डिरेक्टरी उघडून फाइलींच्या तारखा बघितल्या. हजेरी ठीक. स्टोअर ठीक. प्लांटमधल्या, कालचे एकदोन रिपोर्ट सोडले तर, सगळ्या तारखा मागच्या आठवड्यातल्या होत्या. बॅच शीट उघडली. ॲसिड सोडण्याचा वेळ जुना होता. मी तो दोनदा वाचला.

प्लांट ऑफिसचा इंटरकॉम लागत नव्हता. एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. पहिल्या शिफ्टमध्ये नवीन बॅच सुरू होणार हे मला माहीत होतं. त्या व्हेसलवर कोण आहे हेही माहीत होतं. आणि तो नवीन कागदावर कधीच चाललेला नव्हता. त्याच्या हातात जुना कागद आला तर त्याला तो ओळखीचाच वाटणार होता.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि पळाले. ऑफिसातल्या बायका प्लांटमध्ये जात नसत. आतली जमीन ओली आणि निसरडी असे. मॅनेजरच्या केबिनवरून जाताना मी दार ढकललं आणि म्हणाले, "सर, प्लांटला जुनी शीट गेली आहे." खुर्ची मागे सरकल्याचा आवाज ऐकू आला.

प्लांटच्या दारात केमिस्ट उभा होता. "अहो मॅडम, इथे कुठे? अनवाणी? पायाला काय लागलं तर माझं नाव येईल."

"बॅच सुरू झाली?"

"झाली ना. ॲसिड चालू आहे. का?"

"काल बिल्ला तुम्ही नेला होता?"

"मी फक्त माझा रिपोर्ट परत आणला," तो म्हणाला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याचा स्वर उतरला. "काय झालं?"

मागून मॅनेजर आले होते. ते खालूनच ओरडले, "ॲसिड बंद कर! पूर्ण बंद!"

वरच्या लोखंडी जाळीच्या मजल्यावर नवरा व्हेसलपाशी उभा होता. त्याने खाली बघितलं. दंडक असा होता की हातातल्या कागदाबाहेर काही करायचं नाही. त्याने कागद वर करून दाखवला आणि विचारलं, "सर, कागदावर तर चालू ठेवायचं आहे."

"कागद चुकीचा आहे. बंद कर. ब्राइन पूर्ण सोड."

ब्राइन म्हणजे व्हेसलच्या बाहेरून फिरवायचं गार खारं पाणी. त्याने एक व्हॉल्व्ह बंद केला, दुसरा शेवटपर्यंत फिरवला. मग तापमापकाकडे वाकून बघितलं आणि आकडा सांगितला. मला आकड्याचा अर्थ कळत नव्हता. मॅनेजरनी पुढे जे केलं त्यावरून कळला.

त्यांनी बाकी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. हेल्पर निघाले, मागच्या बाजूचे दोन फिटर निघाले. ऑपरेटरला थांबावं लागणार होतं, कारण ब्राइनचा दाब पडला तर हाताने दुसरा पंप चालू करायला व्हेसलपाशी माणूस लागतो. मॅनेजर जिन्याच्या पायथ्याशी थांबले. मला म्हणाले, "तुम्ही ऑफिसच्या भिंतीपलीकडे जा." मी दाराबाहेर गेले, भिंतीपलीकडे गेले नाही. दारातून लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांमधून त्याचे बूट दिसत होते आणि गुडघ्यापर्यंतची पँट.

"काटा?" मॅनेजर खालून विचारत.

"चढतोय."

केमिस्ट माझ्या बाजूला होता. त्याने मॅनेजरना हळू विचारलं, "सर, भोंगा द्यायचा?"

"थांब."

तो भोंगा तुटक वाजला असता. चाळीत नळ बंद झाले असते आणि सगळ्या बायका गेटकडे निघाल्या असत्या, आणि मी मात्र गेटच्या आत होते. मला त्या वेळी एवढंच वाटत होतं, की भोंगा वाजू नये. तो वाजला नाही तर काही होणार नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. त्याला कारण नव्हतं.

"काटा?"

"चढतोय. हळू झालाय."

व्हेसलमधून एक घरघर येत होती, उकळत्या भांड्यावरचं झाकण थरथरतं तशी. जाळी हलत होती की माझे डोळे, हे सांगता येणार नाही. बूट जागेवरच होते. एकदा ते मागे सरकले आणि माझ्या तोंडून "अहो!" निघालं. त्याला ते ऐकू गेलं असावं. बूट पुन्हा पुढे आले.

"काटा?"

मॅनेजरनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "अरे, काटा सांग!"

"थांबलाय," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "उतरतोय, सर."

केमिस्ट तिथेच खाली बसला, ओल्या जमिनीवर, पँटची पर्वा न करता. मॅनेजरनी चष्मा काढून पुसला. काटा पुरता खाली येईपर्यंत कोणी वर गेलं नाही. नवरा खाली आला तेव्हा त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता. त्याने माझ्या पायांकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, सेफ्टी शूज कुठे आहेत?" कोणीतरी हसलं. तो हसला नव्हता. त्याच्या हातात अजून तो कागद होता, घामाने लगदा झालेला.

मॅनेजर केमिस्टवर ओरडतील असं सगळ्यांना वाटत होतं. ते ओरडले नाहीत. दुपारी ते स्वतः टाइम ऑफिसात गेले, बिल्ला खिळ्यावरून काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. "उल्हासनगरवाल्याला बोलवा," म्हणाले. तो दुसऱ्या दिवशी आला. दोन लॉगिन झाली. वाचणारं माझ्याकडे राहिलं. लिहिणाऱ्याच्या पासवर्डचा अर्धा भाग मी ठरवला, अर्धा मॅनेजरनी, आणि एकाने टाइप करताना दुसऱ्याने खिडकीकडे बघायचं असं ठरलं. उल्हासनगरवाल्याने जाताना जिन्यात फक्त विचारलं, "मॅडम, ऊपर कौन था?" मी सांगितलं. त्याने दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला.

घरी आम्ही त्यावर बोललो नाही. सोनिवलीच्या खोलीचा विषय निघाला की तो म्हणे, बघू. रात्री झोपेत त्याची मूठ उजवीकडे वळे, व्हॉल्व्ह फिरवल्यासारखी. मी ती धरून ठेवत असे आणि तो जागा होत नसे. उठवावं की नाही हे मला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यापासून एक नवीन गोष्ट सुरू झाली. ती कोणी सांगितली नव्हती, दंडकात बसतही नव्हती. बॅच सुरू करण्याआधी माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजायचा. पलीकडे प्लांटचा आवाज असायचा आणि त्या आवाजात तो.

"कागद हातात आहे. आजचाच ना?"

मी लिहिणारं लॉगिन शेवटचं केव्हा वापरलं ते बघायचे. फाइलची तारीख बघायचे. शीट उघडून ॲसिडची ओळ वाचायचे, त्याच्या कागदावरची त्याला वाचायला लावायचे. मग सांगायचे, "हो. आजचाच."

"बघून सांगतेस ना?"

"बघून."

काही दिवसांनी दुसऱ्या ऑपरेटरांचेही फोन येऊ लागले. "वहिनी, आजचाच ना?" मी प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून बघत असे. हो म्हणताना दर वेळी तोंड कोरडं पडे, कारण माझ्या त्या एका शब्दावर पलीकडे कोणीतरी व्हॉल्व्ह उघडणार असे. ती नोकरी सोडेपर्यंत त्या कोरडेपणाची सवय झाली नाही.